बाळाच्या नाकातून दूध का येते? ओळख मऊ टाळूची

टाळू म्हटले की आपल्या आयाबायांना आधी बाळाच्या डोक्यावरची टाळू आठवते. तिच्यावर तेल घालायचे, तिला जपायचे. पण तोंडाच्या छतालाही टाळूच म्हणतात, आणि तिच्याकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. या महिन्यात आपण तोंडातल्या टाळूची माहिती घेऊ.

जिभेचे टोक वरच्या दातांमागे लावा आणि हळूहळू मागे न्या. आधी कडक लागते. तिथे हाड आहे. टाळूचा पुढचा सुमारे दोन तृतीयांश भाग असा कठीण असतो. मागचा एक तृतीयांश भाग मऊ लागतो. त्यात हाड नाही, स्नायूंच्या पाच जोड्या आहेत. हीच मऊ टाळू. तिच्या कडेला मधोमध लोंबते ती पडजीभ. आरशासमोर तोंड उघडून 'आ' म्हणा. पडजिभेसकट हा सारा पडदा वर उचललेला दिसेल.

हा पडदा म्हणजे नाक आणि तोंड यांच्यामधले दार आहे. नाकाने श्वास घेताना तो खाली असतो. घास किंवा पाणी गिळताना वर जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाची वाट बंद करतो. म्हणून अन्न नाकात शिरत नाही. झोपेत तो सैल पडून थरथरला की घोरण्याचा आवाज येतो.

बोलण्यातही त्याचे मोठे काम आहे. 'बाबा' आणि 'मामा' हे शब्द म्हणून बघा. दोन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. फरक टाळूचा. 'ब' म्हणताना दार बंद, 'म' म्हणताना उघडे. नाक चिमटीत धरून 'मामा' म्हणा, ते 'बाबा'सारखे ऐकू येईल.

तिसरे काम कानाचे. घशापासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा मऊ टाळूचा एक स्नायू ती नळी उघडतो आणि कानात हवा जाते. घाटात कान दडे बसले की आवंढा गिळल्यावर मोकळे होतात, ते यामुळेच.

टाळू दुभंगलेली असेल तर

पोटातल्या बाळाची टाळू दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मधे जुळते. काही बाळांची ती जुळत नाही. ओठ फाटलेला असेल तर तो लगेच दिसतो. पण ओठ नीट आणि फक्त टाळू दुभंगलेली असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. बाळ नीट ओढत नाही, दूध नाकातून येते, वजन वाढत नाही. घरचे म्हणतात, आईला दूधच नाही. दोष आईच्या माथी जातो आणि बाळ उपाशी राहते.

म्हणून जन्मानंतर डॉक्टर, नर्स किंवा आशाताईंना बाळाच्या तोंडात बॅटरीच्या उजेडात टाळू बघायला सांगा. अशा बाळाला आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने, बाळ उभे धरून, थोडे थोडे पाजावे. मधूनमधून ढेकर काढावी. पाजण्याची पद्धत नर्सकडून शिकून घ्यावी.

कधी वरची त्वचा जुळलेली असते, पण आतले स्नायू जुळलेले नसतात. तेव्हा पडजीभ दोन टोकांची दिसू शकते. मूल गेंगाणे बोलते, कानात पाणी साचून त्याला कमी ऐकू येते. वर्गात मुले चिडवतात, मूल गप्प बसू लागते. ते मंद नसते, त्याचे दार बंद होत नसते, एवढेच.

ग्रहणाचा काही संबंध नाही

गरोदर बाईने ग्रहणात सुरी धरली, काही चिरले म्हणून असे झाले, हे आजही ऐकू येते. ओठ आणि टाळू गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात. मग सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने जुळलेली टाळू कशी फाटेल? खरी कारणे अनेक आणि मिसळलेली असतात: आनुवंशिकता, धूम्रपान, काबूत नसलेला मधुमेह, काही औषधे, पोषणाची कमतरता. फिटची गोळी चालू असेल तर मूल हवे असतानाच डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घेतलेली चांगली. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. आईला बोल लावण्यात अर्थ नाही.

उपचार आहे. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत करतात, म्हणजे मूल स्पष्ट बोलू लागण्याआधी. त्यानंतर बोलण्याचा सराव आणि कानांची तपासणी लागते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना हा उपचार मोफत आहे. आशाताई, अंगणवाडी किंवा शाळेत येणारे तपासणी पथक यांच्यामार्फत नाव नोंदवा. मूल मोठे झाले म्हणून नाद सोडू नका.

पडजीभ आणि खर्रा

मुलाला खोकला आला की 'पडजीभ पडली' म्हणून मीठ लावलेल्या बोटाने ती दाबतात. पडजीभ पडत नाही. संसर्गाने ती सुजते. बोटाने जखम होते आणि जंतूही आत जातात. मूल गिळेनासे झाले, लाळ गळू लागली, श्वासाला घरघर लागली तर तडक दवाखाना गाठा.

मोठ्यांची टाळू खराब करते ती सुपारी. गुटखा, मावा, खर्रा या सगळ्यांत ती आहे. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर पांढरट आणि ताठ होते, तिखट झोंबते, मऊ टाळू आखडते, पडजीभ आक्रसते, तोंड उघडेनासे होते. पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. नुसती सुपारीही सुरक्षित नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुडी वस्तीत मिळतेच. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर पुडी आजच थांबवा आणि सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला आरशासमोर 'आ' करायला सांगा. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांची टाळू एकदा बघून घ्या.