कफ कापणारी कात्री

औषध म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गोळी येते, बाटली येते आणि मागोमाग ती नकोशी सुई येते. पण काही औषधे गिळूनही उपयोग नसतो आणि टोचूनही नसतो. ती श्वासाबरोबर आत ओढावी लागतात. अशाच एका औषधाची ही हकीकत आहे.

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक रोग आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर मूल हा रोग घेऊनच जन्मते. त्याच्या श्वासनलिकांतील कफ दाट व चिकट असतो. त्यात जंतू ठाण मांडतात. त्यांच्याशी लढायला रक्तातील पांढऱ्या पेशी धावतात आणि असंख्य पेशी तेथेच मरून पडतात. या पेशी फुटल्या, की त्यांच्यातील डी.एन.ए.चे लांबच लांब धागे कफात मिसळतात. कांद्यापासून डी.एन.ए. वेगळा करण्याचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल, तर त्याला कशी तार सुटते ते पाहिलेच असेल. आनुवंशिकतेचा हा थोर रेणू येथे नुसते डिंकाचे काम करतो! मूल खोकून खोकून दमते, पण कफ सुटत नाही.

हे धागे तोडणारे डीएनेज नावाचे एन्झाइम स्वादुपिंडात तयार होते. १९५०च्या दशकात अमेरिकेत गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेले डीएनेज वापरून पाहिले गेले. पण ते पुरेसे शुद्ध नव्हते आणि काही रुग्णांना त्याचा त्रास झाला. १९९० साली स्टीव्हन शॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी जनुकाच्या साहाय्याने मानवी डीएनेज तयार केले. गोठल्यासारखा झालेला कफ ते मिसळल्यावर काही मिनिटांतच वाहू लागला.

परीक्षानळीत जमले, पण छातीत कसे पोचवायचे? दम्यावरील साल्ब्युटामॉलचा रेणुभार २३९, तर डीएनेजचा सुमारे ३७,०००! हे पडले प्रथिन. गिळले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाईल. रक्तात टोचले तर एवढा मोठा रेणू श्वासनलिकेच्या पोकळीतील कफापर्यंत फारसा पोचणार नाही. राहिली श्वासाची वाट. तेथे मात्र हा मोठेपणाच कामी येतो, कारण औषध रक्तात फारसे न शिरता कफातच राहते.

या वाटेवर पहारा आहे. १० मायक्रॉनहून मोठे थेंब बहुतेक घशाच्या वळणावरच आदळतात. एका मायक्रॉनहून लहान थेंबांपैकी बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत जातात. म्हणून थेंब १ ते ५ मायक्रॉनचे हवेत. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) त्यासाठी नेब्युलायझर वापरतात. डासांवर औषध मारायच्या हातपंपासारखीच त्याची युक्ती: बारीक छिद्रातून वेगाने सुटणारी हवा द्रव वर खेचते आणि त्याचा तुषार करते. ध्वनिलहरींनी तुषार करणारी यंत्रेही असतात, पण त्यांत द्रव तापतो. अंड्याचा पांढरा बलक तापवल्यावर काय होते ते आठवा. तापलेले एन्झाइम असेच निकामी होऊ शकते, म्हणून या औषधासाठी ती यंत्रे चालत नाहीत.

९६८ रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली. जोराने फुंकलेल्या श्वासात पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडते, ते मोजले गेले. हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांनी सुधारले. आकडा लहान वाटेल, पण छातीच्या संसर्गाने आजार बळावण्याचा धोकाही त्याबरोबर घटला. १९९३च्या डिसेंबरात अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. सदोष जनुक मात्र तसेच राहते आणि नव्या पेशी मरतच असतात. म्हणून अडीच मिलिग्रॅमचा हा तुषार रोज घ्यावा लागतो.