पिलाटीस : ऊर्जाव्यय आणि अर्धशक्तीचा विचार

मेदोवृद्धीची तक्रार घेऊन आमच्या चिकित्सालयात आलेल्या, पन्नाशीच्या एका भगिनींचे वजन ७० किलो होते. तीन महिने त्या आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी पन्नास मिनिटे, पिलाटीसच्या वर्गास नियमाने जात होत्या. वजन जेमतेम अर्धा किलो उतरले. ‘हा व्यायाम निरुपयोगी आहे, तो सोडते, त्याऐवजी मेद झडविणारे औषध द्या,’ ही त्यांची मागणी. बोलण्याच्या ओघात त्यांनी असेही सांगितले, की जुनी कंबरदुखी मात्र थांबली आहे. अशा प्रसंगी वैद्याने काय सांगावे, हे ठरविण्यासाठी या व्यायामाचे बलाबल जाणणे आवश्यक आहे.

स्वरूप

जोसेफ पिलाटीस (१८८३–१९६७) या जर्मन व्यायामशिक्षकाने ही पद्धती घडविली व पुढे न्यूयॉर्क येथे ती रूढ केली. तो स्वतः तिला ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, म्हणत असे. उदर, कटी व श्रोणी यांच्या स्नायूंचे स्थैर्य, श्वासाशी जुळविलेली संथ हालचाल आणि अचूकता हे तिचे मर्म होय. चटईवर किंवा ‘रिफॉर्मर’ या स्प्रिंगयुक्त उपकरणावर ती केली जाते.

ऊर्जाव्यय किती?

स्वस्थ बसलेल्या मनुष्यास दर किलो वजनामागे दर मिनिटास सुमारे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. यास एक ‘मेट’ म्हणतात. एक मेट म्हणजे दर किलोमागे दर तासास अंदाजे एक किलोकॅलरी. तीन मेटच्या खालचे श्रम सौम्य, तीन ते सहामधील मध्यम व त्यापुढील तीव्र मानले जातात. शारीरिक श्रमांच्या २०११ सालच्या कोष्टकात सर्वसाधारण पिलाटीसला ३.०, हठयोगासनांना २.५, सूर्यनमस्कारांना ३.३ व ताशी साडेपाच किलोमीटरच्या झपाट्याच्या चालण्यास ४.३ मेट दिले आहेत. म्हणजे पिलाटीस सौम्य व मध्यम यांच्या सीमेवर उभे आहे.

अर्थात सर्व वर्ग सारखे नसतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नास मिनिटांच्या प्राथमिक वर्गात सुमारे १७५, तर प्रगत वर्गात सुमारे २५० किलोकॅलरी खर्च झाल्या. म्हणून रुग्णाकडून वर्गाची पातळी व मधल्या विश्रांतीचा काळ विचारून घ्यावा.

व्यय कमी असण्याचे कारण स्पष्ट आहे. चालताना मोठे स्नायू संपूर्ण देहभार सतत पुढे नेतात. पिलाटीसमध्ये देह बहुधा जमिनीवर टेकलेला असतो, गती संथ असते व अनेक स्नायू हालचाल न करता केवळ ताणून धरलेले असतात. येथे कष्ट पुष्कळ जाणवतात, पण ऑक्सिजन त्या मानाने कमी खर्ची पडतो. थरथरणारे पोट म्हणजे जळणारा मेद, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

हिशेब

उपरोक्त भगिनींचा हिशेब मांडू. ३ मेट, ७० किलो, ५० मिनिटे यांवरून १७५ किलोकॅलरी येतात. त्यांतून स्वस्थ बसूनही खर्च झाल्या असत्या त्या ५८ वजा करता निव्वळ ११७ उरतात. आठवड्याच्या सुमारे ३५०. म्हणजे एका वडापावाहून थोड्या अधिक. बारा आठवड्यांच्या ४२००. एक किलो मेद उतरण्यास सुमारे ७७०० किलोकॅलरी लागतात. आहार तोच राहिल्यास अर्धा किलोच उतरणार होता, आणि तेवढाच उतरला. व्यायाम खोटा नव्हता, अपेक्षा अवाजवी होती.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी व्यायामाची व्याख्या करताना स्थैर्य व बलवर्धन ही प्रयोजने सांगून तो मात्रेने करावा, असे म्हटले आहे. पिलाटीस या दोन प्रयोजनांच्या अगदी जवळ येते. कटिशूलावरील २०१५ सालच्या कॉक्रेन समीक्षेतही हा व्यायाम नाममात्र उपचारांपेक्षा उपयुक्त आढळला. मात्र इतर व्यायामांहून तो श्रेष्ठ असल्याचे निर्णायकपणे सिद्ध झाले नाही.

मात्रेचे माप अर्धशक्ती. हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागणे, हे बलार्धाचे लक्षण सुश्रुताचार्यांनी दिले आहे. परंतु पिलाटीसमध्ये उच्छ्वास मुद्दाम मुखाने करविला जातो, त्यामुळे येथे केवळ या लक्षणावर विसंबू नये. कपाळ, नाक व काखेतील घाम, मुखशोष आणि बोलताना लागणारी धाप यांकडे पाहावे. नाडीची गतीही फसवी ठरू शकते. ताणून धरलेल्या स्थितीत ती ऑक्सिजनच्या मानाने अधिक वाढते, तर उताणे निजल्यावर मंदावते.

सावधानता

स्नायू ताणून धरताना श्वास कोंडल्यास रक्तदाब एकाएकी चढतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांस हे आवर्जून सांगावे. अस्थिसौषिर्य असलेल्यांनी पाठीचा कणा पुढे वाकविणारे प्रकार टाळावेत, कारण मणका दबून मोडण्याचा धोका असतो. अजीर्ण असता, तसेच वातपित्तजन्य व्याधींत व्यायाम वर्ज्य, हा वाग्भटाचार्यांचा नियम येथेही लागू आहे.

व्यवहार

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम करावेत आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पिलाटीस मुख्यत्वे या दुसऱ्या भागाचे काम करते. पहिल्यासाठी चालण्याची जोड हवी. आम्ही त्या भगिनींस वर्ग सोडू दिला नाही. उरलेल्या चार दिवशी पन्नास मिनिटे झपाट्याने चालण्यास सांगितले. त्याने आठवड्यास निव्वळ ७७० किलोकॅलरींची भर पडते. आहाराचा विचार त्यासोबत केला, औषधाचा त्यानंतर.

औषधालयाच्या मालकांसही आमची विनंती आहे. मेदोहर गुग्गुळ मागणाऱ्या ग्राहकास ‘व्यायाम कोणता, किती दिवस?’ एवढे अवश्य विचारावे. ‘पिलाटीस केले, उपयोग झाला नाही’ असे उत्तर आल्यास डबी पुढे सरकविण्यापूर्वी त्यास वैद्याकडे पाठवावे. हिशेब न समजल्यामुळे एखाद्याचा चांगला व्यायाम सुटला, तर ती हानी कोणत्याही कल्पाने भरून निघणारी नाही.