फिनलंडच्या शाळा बघायला निघताना

शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत फिनलंडचं नाव निघालं नाही असं वर्ष जात नाही. २०२४मध्ये पंजाब सरकारने आपल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात प्रशिक्षणासाठी पाठवलं, तेव्हापासून ‘आपणही जाऊन बघू’ ही इच्छा अनेक शिक्षकांच्या मनात आहे. वीस-पंचवीस जणांचा गट करून, पगारातून पैसे बाजूला टाकून निघायचं, तर दौऱ्याच्या आठ दिवसांचं सोनं व्हायला हवं. ते होतं की नाही, हे बहुतेक वेळा विमानात बसण्याच्या चार-पाच महिने आधीच ठरतं. म्हणून तयारीबद्दलचे काही गैरसमज आताच दूर केलेले बरे.

गैरसमज: गट एकत्र जाणार, म्हणजे व्हिसाही गटाचा मिळतो.

वस्तुस्थिती: फिनलंड युरोपातल्या शेंगेन या सामाईक व्हिसा क्षेत्रात आहे आणि शेंगेन व्हिसा ज्याचा त्याला मिळतो. अर्ज वेगळा, कागदपत्रं वेगळी, बोटांचे ठसे प्रत्येकाने स्वतः जाऊन द्यायचे. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी ठसे दिलेले असतील, तर सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध असावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे महिन्यात जायचं असेल, तर पासपोर्ट डिसेंबरपर्यंत हातात हवा आणि व्हिसाचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला हवा.

अनेक शिक्षिकांच्या सेवापुस्तकात सासरचं नाव असतं आणि पासपोर्टवर माहेरचं. विमानाचं तिकीट, विमा आणि व्हिसाचा अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच, अक्षर न् अक्षर जुळवून करावा. गटात एकीने सगळ्यांची नावं एकदा तपासली, तर पुढचा मोठा मनस्ताप वाचतो.

गैरसमज: पासपोर्ट मिळाला, म्हणजे कार्यालयाची परवानगीही मिळाली.

वस्तुस्थिती: या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पासपोर्टचा अर्ज करताना सरकारी कर्मचाऱ्याने कार्यालयाला आगाऊ कळवल्याचं पत्र पुरतं. परदेशी जाण्याची परवानगी मात्र सक्षम अधिकाऱ्याकडून वेगळी घ्यावी लागते. जायचं सुट्टीत आणि स्वखर्चाने असलं, तरीही ती लागते. तो कागद टेबलावरून टेबलावर फिरतो, त्यामुळे त्याचा अर्ज सगळ्यात आधी द्यावा.

गैरसमज: आपल्याला सुट्टी लागली की निघावं.

वस्तुस्थिती: आपली सुट्टी आणि त्यांची सुट्टी एकच आली, तर आपण कुलूपबंद शाळा बघून परत येऊ. फिनलंडमध्ये शाळा मेच्या अखेरीस किंवा जूनच्या अगदी सुरुवातीला बंद होतात आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उघडतात. दिवाळीच्या सुट्टीआधीच जायचं म्हटलं, तर ऑक्टोबरच्या मध्याला तिथे शरद ऋतूची सुट्टी असते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत वेगवेगळ्या भागांत हिवाळी सुट्टी असते.

आपल्या उन्हाळी सुट्टीशी जुळणारा काळ म्हणजे मे महिना. त्यातही १ मे त्यांचा मोठा सण आहे, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार बहुतेक मेमध्येच येतो आणि शेवटचा आठवडा वर्षसमाप्तीच्या गडबडीचा असतो. म्हणून तो गुरुवार टाळून दुसरा किंवा तिसरा आठवडा सगळ्यात सोयीचा. तेव्हा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, पण हवेत गारठा असतो, हे लक्षात ठेवून कपडे घ्यावेत. शाळाभेटीची वेळ आधी मागून घ्यावी लागते आणि बऱ्याच ठिकाणी तिचं शुल्कही असतं.

गैरसमज: फिनलंडमध्ये परीक्षा नाही, गृहपाठ नाही, विषयसुद्धा काढून टाकलेत.

वस्तुस्थिती: हा समज घेऊन गेलेला शिक्षक समोरचा वर्ग नीट बघूच शकत नाही. सगळ्या देशाची अशी एकच परीक्षा असते आणि ती उच्च माध्यमिकच्या शेवटी. वर्गातल्या चाचण्या मात्र शिक्षक घेतात. गृहपाठ असतो, फक्त थोडा असतो. २०१६पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात दरवर्षी निदान एक आंतरविद्याशाखीय घटक सक्तीचा केला आहे, पण गणित, भाषा, इतिहास हे विषय जागच्या जागी आहेत.

‘त्यांचं सगळंच उत्तम’ हेही खरं नाही. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००६मध्ये फिनलंडचे गणिताचे सरासरी गुण ५४८ होते, २०२२मध्ये ते ४८४ झाले. या घसरणीबद्दल तिथले शिक्षक मोकळेपणाने बोलतात. तो प्रश्न आपण आदराने विचारावा. त्यातून मिळणारं उत्तर कुठल्याही कौतुकाच्या भाषणापेक्षा जास्त शिकवून जाईल.

गैरसमज: शाळेत गेलं की भरपूर फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत, अहवालाला उपयोगी पडतात.

वस्तुस्थिती: युरोपात २०१८पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कडक कायदा आहे. परवानगीशिवाय मुलांचे चेहरे टिपणं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं तिथे गैर मानतात. फळा, भिंतीवरचं काम, बाकांची मांडणी, वेळापत्रक यांचे फोटो विचारून घ्यावेत. बाकीचं वहीत लिहावं. मुलाने चूक केली तेव्हा बाईंनी काय केलं, हे कॅमेऱ्यात येत नाही, वहीत येतं.

गैरसमज: भेट म्हणून हापूसची पेटी आणि घरचं तूप न्यावं.

वस्तुस्थिती: भावना चांगली आहे, पण युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूपही आलं. आंब्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. शेंगदाण्याची चिक्की, वारली चित्र, मुलांनी केलेली भेटकार्डं न्यावीत. सामान भरताना पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच ठेवावी, मोठ्या सामानात ती चालत नाही.

गैरसमज: हेलसिंकीतली नावाजलेली शाळा बघितली की दौरा सार्थकी लागला.

वस्तुस्थिती: आपल्यातले कित्येकजण द्विशिक्षकी शाळेत शिकवतात. एका खोलीत पहिली-दुसरी आणि शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी, ही आपली रोजची कसोटी. फिनलंडच्या ग्रामीण भागातही लहान शाळा आहेत आणि त्यांत दोन-तीन इयत्तांची मुलं एकाच वर्गात शिकतात. दौऱ्याच्या आयोजकांकडे आग्रह धरावा तो अशी एक शाळा दाखवण्याचा. नव्या इमारतीतली यंत्रं आपण उचलून आणू शकत नाही. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला कामात कसं गुंतवायचं, ही युक्ती मात्र जूनमध्ये शाळा उघडल्या दिवशी वापरता येते.

जेवणाची सुट्टीही चुकवू नये. तिथे १९४८पासून शाळेत सगळ्या मुलांना मोफत जेवण मिळतं आणि शिक्षक बहुधा मुलांसोबत बसून जेवतात. आपला शालेय पोषण आहार रोज वाढणाऱ्या शिक्षकाला त्या टेबलावर बरंच काही दिसेल.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून कुणी मागे राहू नये. फिनिश शिक्षकांचीही ती मातृभाषा नाही. गटाने आपल्या वर्गातल्या खऱ्या अडचणींवरून दहा प्रश्न मराठीत लिहावेत, मग साध्या इंग्रजीत उतरवावेत आणि दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघावेत. ते दहा प्रश्न ज्या दिवशी तयार होतील, त्या दिवशी दौरा खरा सुरू झाला असं समजावं.