थिसिस न लिहिता एम.टेक. होतं का? फी भरण्याआधी हे बघून घ्या

कोल्हापूर : बी.ई. झालेलं पोरगं एम.टेक. करतो म्हणतंय. घरात हिशेब सुरू होतो. दोन वर्षं, वर त्यातलं दुसरं वर्ष बहुतेक थिसिसमध्ये जाणार. तेवढ्यात कुणीतरी पाव्हणा सांगतो, "अमक्या ठिकाणी थिसिस लिहावाच लागत नाही, नुसते पेपर द्यायचे." हे खरं का खोटं, असा प्रश्न जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत पडतो.

खरं आहे, पण सगळीकडे नाही. आणि आपल्या भागात जे नेहमीचं दोन वर्षांचं एम.टेक. चालतं, त्यात तर सहसा नाहीच.

ए.आय.सी.टी.ई.नं 2018 साली पदव्युत्तर अभियांत्रिकीसाठी जो नमुना अभ्यासक्रम दिला, तो एकूण 68 क्रेडिटचा आहे. त्यात थिसिसच्या, म्हणजे कॉलेजच्या भाषेत डिझर्टेशनच्या पहिल्या टप्प्याला तिसऱ्या सेमिस्टरमध्ये 10 आणि दुसऱ्या टप्प्याला चौथ्या सेमिस्टरमध्ये 16 क्रेडिट आहेत. म्हणजे 68 पैकी 26. शंभरातले अडतीस गुण एकाच कामावर म्हटलं तरी चालेल. विद्यापीठं आणि स्वायत्त कॉलेजं आकड्यांत थोडा फरक करतात, पण ढाचा हाच असतो. हे काम सोडून बाकी सगळं पास झालं तरी डिग्री पदरात पडत नाही.

घोटाळा होतो तो इथंच. पहिल्या वर्षाचे पेपर सुटतात. तिसऱ्या सेमिस्टरला पुण्यात नोकरी लागते. पोरगं म्हणतं, "थिसिस काय, रविवारी लिहीन की." मग रविवार कामाला पुरत नाही, गाईड बदलतात, टेस्टिंगचं मशीन मिळत नाही, आणि बघता बघता दोन वर्षं उलटतात. घरच्यांना वाटतं पोरगं एम.टेक. झालं. हातात मात्र नुसत्या मार्कशीट. पुढं कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापकाची जागा निघाली, तर ए.आय.सी.टी.ई.च्या नियमानं एम.ई. किंवा एम.टेक. पूर्ण लागतं. अर्धवट चालत नाही.

मग सरळ मार्ग कुठला? त्याच नमुना अभ्यासक्रमात तिसऱ्या सेमिस्टरच्या डिझर्टेशनसमोर इंडस्ट्रियल प्रोजेक्ट असाही पर्याय छापलेला आहे. कोल्हापूरकरांना यापेक्षा सोयीचं काय असणार? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात फौंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, इचलकरंजीत माग आहेत. फौंड्रीत कास्टिंग रिजेक्ट होतात, कुठं ब्लोहोल पडतात, कुठं आकसल्यामुळं पोकळी राहते. वाळूतला ओलावा किती, धातू ओततानाचं तापमान किती, हे रोज लिहून ठेवायचं. मग एकेक गोष्ट बदलून रिजेक्शन कमी होतंय का बघायचं. हे झालं एम.टेक.चं काम. दोन वाफ्यांत दोन वेगळी खतं टाकून कुठला ऊस जाड झाला ते बघणारा शेतकरीही हेच करतो, फक्त तो लिहून ठेवत नाही. अहवाल इथंही लिहावाच लागतो. पण विषय डोळ्यासमोर असतो आणि पोराची कारखान्यात ओळख होते, ती नोकरीला उपयोगी पडते.

नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी बिट्स पिलानीचा एम.टेक. अभ्यासक्रम आहे. त्यात डिझर्टेशन आहे, पण ते आपल्याच कंपनीतल्या कामावर करता येतं. आय.आय.टी. कानपूरनं ई-मास्टर्स नावाची पदवी सुरू केलीय. तिला गेट लागत नाही, एक ते तीन वर्षांत पूर्ण करता येते आणि सगळा भर विषयांवर असतो. पण फी लाखांत जाते. आणि पदवीचं नाव ई-मास्टर्स आहे, एम.टेक. नव्हे. प्राध्यापकीच्या जागेसाठी ती चालेल का, हे ज्या कॉलेजात अर्ज करायचा त्यांच्याकडून आधी लेखी घ्यावं.

परदेशाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत साधारण 30 क्रेडिटचं मास्टर्स दोन तऱ्हेनं होतं, थिसिससह किंवा थिसिसशिवाय. थिसिस नको असेल तर त्या जागी जादा विषय घ्यायचे. दोन्ही पदव्या पूर्णच धरल्या जातात, नोकरी करणाऱ्याला त्यानं फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन करून मिळणाऱ्या पैशात, आणि पुढं पीएच.डी. करायची असेल तर. जर्मनीत मात्र थिसिसला सुट्टी नाही. तिथल्या दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये 120 पैकी 30 क्रेडिट, म्हणजे अख्खं एक सेमिस्टर, सहसा थिसिसलाच असतं. शेत तारण ठेवून शिक्षणकर्ज काढणाऱ्यानं एवढं तरी विचारून घ्यावं.

आता एक वाईट मार्ग. तयार थिसिस विकत देणारे भेटतात. "सगळं बघतो, तुम्ही फक्त सही करा," असं सांगतात. यू.जी.सी.चा 2018 चा नियम याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा. 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सुधारित थिसिस देता येत नाही. 60 टक्क्यांच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. विकत घेतलेला माल बहुतेक आधीच दुसरीकडं चिकटवलेला असतो. पैसे जातात आणि डिग्रीही.

गेट पास होऊन प्रवेश घेतला तर ए.आय.सी.टी.ई.ची महिना 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते, ती जास्तीत जास्त 24 महिने. म्हणजे थिसिस लांबला की पुढचा खर्च घरातनं.

ज्यांचं आधीच अडकलंय त्यांनी लाजून गप्प बसू नये. डिग्री पूर्ण करायला कमाल मुदत असते. ती किती उरली हे कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन विचारावं. मुदत असेल तर पुन्हा नोंदणी करून, गाईडशी बोलून, सध्याच्या नोकरीतलाच एखादा विषय घेता येतो का बघावं. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला पी.जी. डिप्लोमा देण्याची सोय नव्या शैक्षणिक धोरणात आहे. आपल्या कॉलेजनं ती लागू केलीय का, हेही त्याच खिडकीवर कळेल. जाताना प्रवेशाची पावती, सगळ्या मार्कशीट आणि गाईडनं विषय मंजूर केल्याचं पत्र बरोबर न्यावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत एस.टी.चं तिकीट काढावं लागतं.