छंद पूर्वजांच्या शोधाचा, मार्ग उपजीविकेचा

चंदीगडमध्ये पत्ता सांगायला फार शब्द लागत नाहीत. 'सेक्टर 30' म्हणायचे आणि पुढे घराचा क्रमांक जोडायचा, की झाले! आळी नाही, वाडा नाही, कुणा पूर्वजाच्या नावाची गल्ली नाही. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, म्हणून पंजाबसाठी 1950च्या दशकात ही नवी राजधानी वसवली गेली. तिथे राहायला आलेल्या कित्येक कुटुंबांची मूळ गावे सरगोधा, झंग, लायलपूर अशी सीमेपलीकडे राहिली. घरे गेली, जमिनी गेल्या, कागदपत्रेही गेली. मग पणजोबांचे नाव नातवंडांना सांगायचे कुणी?

ते नाव अनेकदा हरिद्वारला सापडते. तिथला पंडा तुमचा सेक्टर विचारत नाही. तो मूळ गाव आणि जात विचारतो. मग त्या गावाची वही ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडे तुम्हाला पाठवले जाते. लांबट, गुंडाळून ठेवलेली ती वही उलगडते आणि अस्थी विसर्जनासाठी किंवा यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे एकेक करून समोर येतात. कधी कधी तर खुद्द पणजोबांच्या हातचे अक्षर!

आयएएस सोडून वह्यांच्या मागे

याच वह्यांनी चंदीगडच्या एका विद्वानाचे नाव जगभर पोहोचवले. ब्रिजेंद्रनाथ गोस्वामी यांचा जन्म 1933चा, सरगोध्याचा. 1956 मध्ये ते आयएएसमध्ये दाखल झाले. मानाची, आयुष्यभराची नोकरी! पण दोनच वर्षांत त्यांनी राजीनामा दिला आणि पंजाब विद्यापीठात पहाडी चित्रकलेवर संशोधन सुरू केले. घरच्यांच्या काळजाचे काय झाले असेल, याची कल्पना कुणाही आईवडिलांना येईल.

तोवर अभ्यासक पहाडी चित्रांची विभागणी संस्थानांच्या नावाने करत. हे बसोलीचे, ते गुलेरचे, ते कांगड्याचे. चित्रकारांची नावे मात्र फारशी कुणाला ठाऊक नव्हती. गोस्वामींनी साधाच विचार केला. चित्रकार हाही संसारी माणूस. त्याच्या घरीही मृत्यू झाले असणार, तोही अस्थी घेऊन हरिद्वारला गेला असणार. मग पंड्यांच्या वहीत त्याचे नाव असलेच पाहिजे!

नावे मिळाली. जोडीला जमीनमहसुलाच्या जुन्या नोंदी पाहिल्या. वडील, मुलगे, नातू अशी चित्रकारांची घराणी उभी राहिली. 1968 मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात त्यांनी मांडले, की चित्राची शैली दरबाराची नसून कुटुंबाची असते. चित्रकार एका दरबारातून दुसरीकडे गेला, तरी घरची शैली हातातून जात नाही. पंडित सेऊ, त्यांचे मुलगे मानकू आणि नैनसुख, ही नावे आज कलेच्या इतिहासात आदराने घेतली जातात. नैनसुखचा आश्रयदाता बलवंतसिंह 1763 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या अस्थी घेऊन तो हरिद्वारला गेला आणि पंड्याच्या वहीत स्वतःच्या हातची नोंद ठेवून आला. गोस्वामींचे नैनसुखवरील पुस्तक 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पद्मश्री आणि पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या घरची दौलत

प्रत्येकजण गोस्वामी होणार नाही. पण ज्याला जुन्या नावांचे वेड आहे, त्याच्यासाठी महाराष्ट्रात कामाची कमतरता नाही. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. 1910 मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. शिवाय घराण्याचा कुलवृत्तांत छापण्याची परंपरा तर आपल्याकडे जुनीच.

या खजिन्याची किल्ली म्हणजे मोडी लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शाळांतून गेली आणि आजोबांचे खरेदीखत नातवाला वाचता येईना. ही लिपी शिकवणारे वर्ग राज्याचा पुराभिलेख विभाग आणि भारत इतिहास संशोधक मंडळ घेत आले आहेत. अक्षरओळख लवकर होते, पण निरनिराळ्या हातांची घसरती अक्षरे वाचायला महिनोन् महिने सराव लागतो.

सराव झाला की कामे मिळतात. जमिनीच्या वादातले जुने कागद वाचून देणे, कुलवृत्तांतासाठी माहिती गोळा करणे, परदेशी गेलेल्या कुटुंबांना मूळ गावाचा माग काढून देणे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचकांचे महत्त्व एकदम सगळ्यांच्या लक्षात आले. मात्र सुरुवातीलाच नोकरी सोडू नका. सुट्टीच्या दिवशी, ओळखीच्या दोन-चार घरांची कामे करून पाहा. पानांचा की दिवसांचा मोबदला घेणार, प्रवासखर्च कुणाचा, हे आधीच लिहून ठरवा.

'सापडले नाही' म्हणण्याचे धैर्य

या व्यवसायाची खरी परीक्षा वेगळीच आहे. पैसे देणाऱ्याला बहुधा शूर सरदार पूर्वज हवा असतो आणि वहीत निघतो साधा शेतकरी. कधी दत्तकाची गोष्ट निघते, कधी दडवलेले दुसरे लग्न. एका ओळीवर कुणाचे जातप्रमाणपत्र, तर कुणाचा जमिनीतला वाटा अवलंबून असतो. तिथे एक अक्षर 'सोयीने' वाचले, तर एका घराचे भले आणि दुसऱ्याचे नुकसान होते. म्हणून दोन पुरावे जुळल्याशिवाय नाव जोडू नये. प्रत्येक नावापुढे ते कुठल्या कागदात मिळाले हे लिहावे. आणि मिळाले नाही, तर 'सापडले नाही' असे स्पष्ट सांगावे. हयात माणसांची माहिती तर त्यांच्या परवानगीशिवाय छापूच नये.

सुरुवात घरापासूनच करा. आज संध्याकाळी वही घेऊन आजीजवळ बसा. तिच्या माहेरची नावेही विचारा, कारण बऱ्याच वंशावळींत लेकीसुनांच्या जागा कोऱ्याच असतात. दफ्तरातले कागद उद्याही तिथेच असतील. आजीच्या आठवणी मात्र तिच्याबरोबरच जातात.