दूरध्वनी केंद्र, खाजगी : क्रमांकन व मार्गनिवड

एखाद्या कार्यालयातील, कारखान्यातील वा रुग्णालयातील दूरध्वनी परस्परांशी तसेच सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याशी जोडून देणाऱ्या, त्या संस्थेच्याच ताब्यातील यंत्रणेस खाजगी दूरध्वनी केंद्र म्हणतात. भारतात ते ‘ईपीएबीएक्स’ या आद्याक्षरी नावाने सर्वपरिचित आहे. या केंद्राला जोडलेल्या आतील दूरध्वनीस एक्स्टेन्शन व सार्वजनिक केंद्राकडे जाणाऱ्या वाहिनीस ट्रंक लाइन म्हणतात. शंभर दूरध्वनी असलेल्या कार्यालयात एकाच वेळी बाहेर बोलणारे फार थोडे असल्याने दहा-बारा ट्रंक लाइनींवर सर्वांचे काम भागते. खाजगी केंद्राचे आर्थिक प्रयोजन मुख्यतः हेच आहे. मात्र थोड्या वाहिन्या अनेकांनी वापरावयाच्या म्हटल्या की, कोणता अंक दाबल्यावर कोणते संभाषण कोणत्या वाटेने जावे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. यातील पहिल्या भागास क्रमांकन व दुसऱ्यास मार्गनिवड म्हणतात.

क्रमांक व मार्ग : प्रारंभीच्या हस्तचालित केंद्रात हा प्रश्न यंत्राचा नव्हता. चालक स्त्री वा पुरुष स्विचफलकापुढे बसून मागणी ऐके व दोरीच्या टोकाची खुंटी योग्य छिद्रात बसवी. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील अंत्यसंस्कार-व्यावसायिक ॲल्मन स्ट्रोजर यांनी १८९१ मध्ये स्वयंचलित स्विचाचे एकस्व मिळविले. या पद्धतीत ग्राहकाने तबकडीवर फिरविलेला प्रत्येक अंक एकेका स्विचास तितक्या पायऱ्या पुढे सरकवीत असे. साहजिकच क्रमांक हाच मार्ग होता. क्रमांक बदलावयाचा तर तारांची जोडणी बदलावी लागे. भारतात पहिले स्वयंचलित केंद्र सिमला येथे १९१३-१४ मध्ये सुरू झाले, तर चालकाच्या मदतीविना दुसऱ्या शहराशी बोलण्याची सोय प्रथम १९६० मध्ये लखनौ व कानपूर यांदरम्यान झाली. पुढे अंक आधी साठवून घेऊन, त्यांचा अर्थ लावून मग वाहिनी निवडणारी केंद्रे आली आणि संगणकीय नियंत्रणाने ही फारकत पूर्ण केली. आता क्रमांक हे केवळ नाव राहिले व मार्ग हा स्मृतिकोशातील सारणीतून काढावयाचा झाला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने विकसित केलेली १२८ द्वारांची छोटी अंकीय यंत्रणा ग्रामीण सार्वजनिक केंद्र व खाजगी केंद्र अशा दोन्ही रूपांत वापरली गेली. अशी केंद्रे आल्यावर लहान शहरांतील संस्थांनाही क्रमांक व मार्ग आपल्या सोयीने ठरविणे शक्य झाले.

सार्वजनिक क्रमांकन : आतील आराखडा आखताना बाहेरचा आराखडा माहीत असावा लागतो. भारत सु. २,६०० लघु-अंतर आकारणी क्षेत्रांत विभागला असून त्यांचे ३२२ दीर्घ-अंतर क्षेत्रांत गट केलेले आहेत. मराठवाड्यातील दोन शेजारी जिल्ह्यांचे संकेतांक पाहिले की ही रचना ध्यानी येते. लातूरचा संकेतांक २३८२, अहमदपूरचा २३८१, औशाचा २३८३, निलंग्याचा २३८४ व उदगीरचा २३८५ आहे. नांदेडचा २४६२, देगलूरचा २४६३ व किनवटचा २४६९ आहे. म्हणजे २३८ हे तीन अंक लातूरचा परिसर व २४६ हे नांदेडचा परिसर दर्शवितात, तर चौथा अंक त्या परिसरातील क्षेत्र सांगतो. दूरच्या केंद्राला पहिल्या काही अंकांवरूनच दिशा कळते. पुढचे अंक वाचण्याचे कारण त्याला पडत नाही. दुसऱ्या क्षेत्राशी बोलताना संकेतांकापूर्वी ० लावतात. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांकन योजनेनुसार संकेतांक व स्थानिक क्रमांक मिळून दहा अंक होतात. त्या सुमारास या दोन्ही शहरांतील पाच अंकी क्रमांकांपुढे २ हा अंक लावून ते सहा अंकी करण्यात आले. खाजगी केंद्राच्या दृष्टीने या बदलाचा मोठा लाभ असा की, एकूण अंकसंख्या निश्चित झाल्याने क्रमांक कोठे पूर्ण झाला हे यंत्राला ओळखता येऊ लागले.

आतील क्रमांकन : समजा, एका व्यापारी पेढीचे मुख्य कार्यालय नांदेडला व डाळ गिरणी लातूरला आहे, पहिल्या ठिकाणी साठ व दुसऱ्या ठिकाणी पंचवीस दूरध्वनी आहेत. येथे दोन अंकी क्रमांकांनी काम भागेल असे वरवर वाटते. पण पहिला अंक हे मर्यादित भांडवल असते. दहापैकी ० बाहेरच्या वाहिनीसाठी व ९ चालकासाठी देण्याचा प्रघात आहे. संभाषण दुसरीकडे वळविणे, दुसऱ्याची घंटा आपल्या दूरध्वनीवर उचलणे इ. सुविधांसाठी आणखी एक अंक खर्ची पडतो. उरलेल्या अंकांतून २ नांदेडला व ३ लातूरला देऊन तीन अंकी क्रमांक योजल्यास प्रत्येक ठिकाणी शंभरांची सोय होते व पुढील वाढीसाठी काही अंक मोकळे राहतात. क्रमांक खात्यांप्रमाणे गटवार द्यावेत की माणसांना कायमचे द्यावेत, याविषयी मतभेद आहेत. खाती वारंवार फुटतात वा एकत्र होतात. त्यामुळे गटवार क्रमांकनाची शिस्त काही वर्षांत मोडते, असाच अनुभव बहुधा येतो.

१ हा अंक मोकळा ठेवणे अत्यावश्यक असते. पोलीस १००, अग्निशमन १०१, महाराष्ट्रात २०१४ पासून कार्यरत असलेली रुग्णवाहिका सेवा १०८ आणि २०१८ पासून देशात टप्प्याटप्प्याने लागू झालेला एकात्मिक आपत्कालीन क्रमांक ११२ हे सर्व १ नेच सुरू होतात. एखाद्या कार्यालयात १० हा आतील क्रमांक दिलेला असेल, तर १० दाबताच यंत्रापुढे पेच उभा राहतो : क्रमांक पूर्ण झाला असे मानून तो दूरध्वनी वाजवावा की पुढच्या अंकाची वाट पाहावी? पहिला पर्याय घेतल्यास १०१ कधीच लागत नाही. दुसरा घेतल्यास १० ला प्रत्येक वेळी काही सेकंद विलंब होतो. कोणताही पूर्ण क्रमांक दुसऱ्या क्रमांकाचा आरंभ असू नये, हा क्रमांकनाचा मूलभूत नियम त्यातूनच निघतो.

शून्याने होणारा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. बाहेरची वाहिनी ० ने मिळते व परगावचा संकेतांकही ० ने सुरू होतो. म्हणून नांदेडच्या कार्यालयातून मुंबईला बोलण्यास ० ०२२ असे दोनदा शून्य दाबावे लागते. एक शून्य विसरल्यास पहिले ० वाहिनी घेण्यात खर्च होते व सार्वजनिक केंद्राकडे २२ पासून पुढचे अंक जातात. मुंबईचा क्रमांक २ ने सुरू होणारा असेल, तर त्यातील पहिले सहा अंक नांदेडमधीलच कोणा ग्राहकाचा क्रमांक समजले जाऊन भलत्याच घरी घंटा वाजू शकते. दिल्लीचा संकेतांक ०११ असून तेथील पुष्कळ क्रमांक २ ने सुरू होतात. तेथे हीच चूक झाली की बाहेर ११२ हे अंक जातात आणि संभाषण थेट आपत्कालीन सेवेस लागते. बाहेरच्या वाहिनीसाठी ० ऐवजी दुसरा अंक ठेवला म्हणजे हा गोंधळ टळतो. पण ० ची सवय इतकी रुळलेली आहे की, ते क्वचितच केले जाते. १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीस लावतानाही आधी ० लावणे देशभर बंधनकारक झाले, त्यामुळे दुहेरी शून्याचे प्रसंग वाढले. सारणीत योग्य नोंद केल्यास ६ ते ९ या अंकांनी सुरू होणाऱ्या दहा अंकी क्रमांकापुढे हे शून्य यंत्र स्वतःच लावू शकते. ज्या कार्यालयांत ही दुरुस्ती होत नाही, तेथे केंद्र बिघडल्याची तक्रार होत राहते. वास्तविक दोष यंत्राचा नसून जुन्या सारणीचा असतो.

बाहेरून येणारी संभाषणे पूर्वी सर्वच्या सर्व चालकाकडे येत. एका अंकीय वाहिनीवर ३० संभाषणे नेणारी जोडणी उपलब्ध झाल्यावर, सार्वजनिक केंद्राने शंभर क्रमांकांचा सलग गट द्यावा व शेवटचे दोन-तीन अंक खाजगी केंद्राकडे पाठवावेत, अशी पद्धत आली. आतील क्रमांक या शेवटच्या अंकांशी जुळते ठेवले, तर सारणी जवळजवळ रिकामी ठेवता येते. म्हणून सार्वजनिक गट कोणता मिळणार हे कळण्यापूर्वी आतील क्रमांक छापून वाटणे इष्ट नसते.

वाहिन्यांची संख्या : किती ट्रंक लाइनी घ्याव्यात याचे गणित डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. दूरध्वनी-भाराचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गर्दीच्या तासात सरासरी तीन मिनिटांची शंभर संभाषणे होत असतील, तर भार ५ एर्लांग होतो. अशा वेळी शंभरातील एकाहून अधिक प्रयत्न फुकट जाऊ नयेत, अशी अपेक्षा असल्यास ११ वाहिन्या लागतात. हाच भार निम्मानिम्मा दोन स्वतंत्र गटांत वाटला, तर प्रत्येक गटास ७, म्हणजे एकूण १४ वाहिन्या घ्याव्या लागतात. विक्री विभागाच्या वेगळ्या व हिशेब विभागाच्या वेगळ्या वाहिन्या राखण्याची हौस अशी महाग पडते.

मार्गनिवड : नांदेड व लातूर यांच्यामध्ये रस्त्याने सु. १४० किमी. अंतर आहे. दोन्ही ठिकाणची केंद्रे भाड्याच्या खास वाहिनीने, म्हणजे टाय लाइनने, जोडल्यास वर वर्णिलेल्या पेढीत ३ ने सुरू होणारा कोणताही क्रमांक नांदेडहून थेट लावता येतो. वाहिनी व्यस्त असल्यास संभाषण सार्वजनिक जाळ्यातून वळवावे, असा दुय्यम मार्ग सारणीत लिहितात. अशा वेळी तीन अंकी क्रमांक जसाच्या तसा बाहेर पाठवून चालत नाही. त्यापूर्वी ०२३८२ व गिरणीच्या गटाचे आरंभीचे अंक लावून त्याचे रूपांतर करावे लागते. दोन्ही केंद्रांत दुय्यम मार्ग बेफिकिरीने लिहिल्यास चमत्कारिक परिणाम होतो. लातूरमध्ये एखादा क्रमांक रद्द झालेला असतो. लातूरचे केंद्र त्याला अनोळखी मानून नांदेडकडे पाठविते व नांदेडचे केंद्र तो लातूरचा म्हणून परत धाडते. प्रत्येक फेरीस एक वाहिनी अडकून काही क्षणांत सर्व वाहिन्या व्यापल्या जातात. यावर उपाय सोपा आहे : एका केंद्राकडून आलेले संभाषण त्याच दिशेने परत पाठविण्यास मनाई करणारी सेवाश्रेणी टाय लाइनला द्यावी.

मार्गनिवडीला कायद्याचीही चौकट असते. खाजगी जाळ्यावरून परगावी नेलेले संभाषण तेथे सार्वजनिक जाळ्यात सोडून दीर्घ-अंतर शुल्क चुकविण्यास भारतातील परवान्यांच्या अटींनी प्रतिबंध केला होता व त्यासाठी यंत्रणेत दोन्ही प्रकारची संभाषणे अलग ठेवावी लागत. कॉल सेंटरसारख्या सेवादात्यांसाठी हे नियम २०२० व २०२१ मध्ये बरेच शिथिल झाले.

आपत्कालीन मार्ग : इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यावर चालणाऱ्या केंद्रांत लातूरला वेगळे केंद्र असावेच लागत नाही, नांदेडच्या संगणकालाच लातूरचे दूरध्वनी जोडता येतात. खर्च वाचतो, देखभाल एका जागी होते. पण सर्व ट्रंक लाइनीही नांदेडलाच ठेवल्या, तर गिरणीत आग लागल्यावर तेथून लावलेला १०१ नांदेडच्या सार्वजनिक केंद्रात बाहेर पडतो व नांदेडच्या अग्निशमन दलाला लागतो. ११२ लावल्यासही पलीकडे दिसतो तो नांदेडचा क्रमांक. क्रमांक व मार्ग यांची फारकत झाल्यावर क्रमांकातून स्थळाचा बोध होईनासा झाला, त्याचा हा परिणाम होय. म्हणून प्रत्येक ठिकाणी निदान एकदोन स्थानिक वाहिन्या राखून आपत्कालीन क्रमांक केवळ त्यांच्यावरूनच जातील, अशी नोंद सारणीत सर्वांत वर करावी लागते.

हे क्रमांक वाहिनीच्या शून्यासह व शून्याविना, दोन्ही प्रकारे लागले पाहिजेत. अमेरिकेत टेक्सस राज्यातील एका मोटेलमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये कॅरी हंट या महिलेची हत्या झाली, तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतील दूरध्वनीवरून ९११ हा क्रमांक पुनःपुन्हा लावून पाहिला. परंतु तेथे बाहेरच्या वाहिनीसाठी आधी ९ दाबावा लागे, हे तिला ठाऊक नव्हते व क्रमांक लागला नाही. यातून ‘कॅरीचा कायदा’ २०१८ मध्ये संमत झाला. फेब्रुवारी २०२० पासून त्या देशात नव्या खाजगी केंद्रांतून ९११ थेट लागणे आणि तो लावल्याची सूचना इमारतीतील जबाबदार व्यक्तीस मिळणे आवश्यक झाले.

रात्रीची व्यवस्था हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला; अशा वेळी सामान्य कार्यालयात चालक जागेवर नसतो. कार्यालय बंद होताच येणारी संभाषणे पहारेकऱ्याकडे व तेथे उत्तर न मिळाल्यास अधिकाऱ्याच्या घरी वळतील, अशी रात्रसेवा सारणीत वेळेनुसार लावता येते. वीज गेल्यावर काय होईल, हेही पाहावे लागते. भारनियमनाचा दीर्घ अनुभव असलेल्या मराठवाड्यात ४८ व्होल्टांच्या विद्युत् घटमाला केंद्राबरोबरच बसविण्याचा प्रघात पडला. घटमालाही संपल्यास काही ट्रंक लाइनी ठराविक दूरध्वनींना परस्पर जोडणारी यांत्रिक सोय तारेच्या जुन्या पद्धतीत असे. इंटरनेट पद्धतीत केंद्र, मधली जोडयंत्रे व दूरध्वनी या सर्वांनाच वीज लागत असल्याने ही सोय आपोआप मिळत नाही. पहारेकऱ्याच्या चौकीत सार्वजनिक केंद्राचा एक स्वतंत्र दूरध्वनी ठेवून ती उणीव भरून काढतात.