गिटारीची मान कशी जपावी?

एका गावच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. मी पाहुणा म्हणून तिथे बसलो होतो. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली होती, आणि नववीतला एक मुलगा ती मोठ्या हौसेने वाजवीत होता. चहा आला तसा त्याने गिटार खुर्चीला टेकवून उभी केली आणि कप घ्यायला वळला. कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. गिटार पाठीवर पडली. आवाजही फारसा झाला नाही, 'कट्' एवढेच. उचलून पाहतो तो खुंट्यांकडचा तुकडा नुसता तारांना लोंबकळतो आहे! मुलाचे तोंड पांढरेफटक पडले.

संगीताचे मास्तर मला म्हणाले, "अहो, उभ्या जागी तर पडली, आणि तीही सतरंजीवर. हे लाकडाचे वाद्य म्हणायचे की काचेची बांगडी?"

मास्तरांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर नीट समजून घेतले, तर पुढची काळजी आपली आपणच सुचते. म्हणून आधी 'का मोडते' ते पाहू आणि मग 'कशी जपावी' ते.

गिटारीचे तीन भाग धरा. खाली रुंद अंग. त्यातून निघालेली लांब मान, जिला वादक 'नेक' म्हणतात. आणि मानेच्या टोकाला खुंट्यांचे डोके, म्हणजे 'हेडस्टॉक'. तंबोऱ्याच्या दांडीची आठवण ठेवली तर हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. मान संपून डोके सुरू होते तिथे एक आडवी पट्टी असते. तिच्या खाचांतून तारा पुढे खुंट्यांकडे जातात. ह्या पट्टीला 'नट' म्हणतात. गिटार मोडली की बहुधा ह्या नटाच्या मागेच मोडते.

असे का? सरपण फोडताना आपण काय करतो ते आठवा. ओंडका उभा ठेवून तंतूंच्या दिशेने घाव घातला की एका घावात दोन फाळके होतात. तोच ओंडका आडवा तोडायचा म्हटले तर घाम निघतो. कुऱ्हाडीला दांडा घालतानाही जाणता सुतार सरळ तंतूचे लाकूड पाहून घेतो. तंतू तिरपे गेलेला दांडा आज ना उद्या हातातच मोडतो. गिटारीच्या मानेचे तंतू लांबीच्या दिशेने सरळ धावतात, म्हणून मान मजबूत असते. पण पुष्कळ गिटारींचे डोके मागे कललेले असते, म्हणजे तारा नटावर घट्ट दाबून बसतात. एकाच फळीतून मान आणि कललेले डोके कापून काढले, की वळणाच्या जागी तंतू सरळ न जाता तिरपे बाहेर पडतात. तिथे लांब तंतू उरत नाहीत, आखूड उरतात. हाच तो तिरप्या तंतूचा दांडा.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिला 'ट्रस रॉड' म्हणतात. तारांच्या ओढीने मान धनुष्यासारखी वाकू नये म्हणून ती असते. ही सळई पिळण्यासाठी पुष्कळ गिटारींत नटाच्या मागेच खाच कोरलेली असते. म्हणजे जिथे तंतू आखूड, तिथूनच लाकूडही काढलेले! दुसरी गोष्ट तारांच्या ओढीची. सुरात लावलेल्या सहा तारांची एकूण ओढ सुमारे ४५ किलो असते. सिमेंटच्या पोत्याहून थोडी कमी, एवढी ओढ रात्रंदिवस त्या जागेवर असते.

आता पडण्याचा विचार करा. इलेक्ट्रिक गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे, म्हणून वजन चांगले तीन-चार किलो. ती पाठीवर पडली की मागे कललेले डोके आधी जमिनीला लागते, आणि मागून येणाऱ्या अंगाचे सारे वजन त्या एका नाजूक जागेवर येते. शिवाय डोक्यावर धातूच्या खुंट्या असतात. धावती बैलगाडी एकदम थांबली की आपण पुढे हिंदकळतो, तसे मान थांबली तरी हे जड डोके पुढे जाऊ पाहते. म्हणून पेटीत ठेवलेली गिटारसुद्धा पेटी पडल्यावर आत मोडलेली सापडते.

ह्या वाद्याचे दोन प्रसिद्ध नमुने अमेरिकेतले आहेत. गिब्सन कंपनीने १९५२ साली 'लेस पॉल' नावाची गिटार काढली. तिची मान महोगनीची, डोके सुमारे १७ अंशांनी मागे कललेले. आवाजाला नामांकित, पण डोके मोडण्याबद्दलही तितकीच प्रसिद्ध. १९७०च्या सुमारास कंपनीने नटाच्या मागे लाकडाचा एक उंचवटा ठेवायला सुरुवात केली आणि काही वर्षांनी तो काढूनही टाकला. दुसरा नमुना फेंडर कंपनीचा, १९५०चा. त्याची मान मेपलची, आणि डोके मागे न कलता सपाट. तंतू सरळ राहतात, म्हणून ते क्वचितच मोडते. शिवाय मान चार स्क्रूंनी बसवलेली, म्हणजे वेळ आलीच तर बदलता येते. आपल्याकडच्या स्वस्त गिटारी बहुधा ह्याच दोन वळणांच्या असतात. काही कारखाने डोक्याचा तुकडा वेगळा कापून तिरप्या सांध्याने मानेला चिकटवतात, म्हणजे दोन्हीकडे तंतू सरळ राहतात. आपली गिटार कोणत्या जातीची आहे, ते तिची पाठ पाहून आजच ओळखून ठेवा.

आता काळजी. पहिला आणि सर्वांत मोठा नियम हा की, गिटार कशालाही टेकवून उभी करू नये. भिंत नको, खुर्ची नको, स्पीकरचे खोके तर नकोच. तिच्यासाठी स्टँड घ्यावा किंवा भिंतीत पक्का हूक बसवावा. स्टँडच्या रबराने काही गिटारींचे पॉलिश चिकट होऊन खराब होते. रबरावर सुती फडके गुंडाळावे. स्टँड नसेल तर गिटार सरळ गवसणीत घालून ठेवावी. हातातली गिटार खाली ठेवणे आणि ती सांभाळून ठेवणे, ही दोन कामे नव्हेत, एकच काम आहे, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.

दुसरे, पट्टा. पट्ट्याचे भोक सैल झाले की तो बटणावरून निसटतो आणि गिटार खाली येते. सायकलच्या जुन्या ट्यूबची छोटी चकती कापून, मध्ये भोक पाडून, पट्ट्यावरून बटणात घट्ट बसवा. बिनखर्चाचे काम आहे. वायरही पट्ट्याच्या आतून ओवून मग गिटारीत खोचावी, म्हणजे पाय अडकला तरी झटका पट्ट्याला बसतो.

तिसरे, प्रवास. टेम्पोत गिटारीवर काहीही रचू नये. कडक पेटी उत्तम. पेटीत आधार मानेखाली असावा आणि डोके मोकळे असावे. डोक्याखाली काही दाटून भरू नये. भोवतालच्या पोकळीत मात्र मऊ कापड हलकेच ठेवावे. लांबच्या प्रवासाला तारा थोड्या सैल कराव्यात.

चौथे, हवा. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मान वाकते. उन्हात बंद गाडीत गिटार ठेवली तर सांध्यांचा गोंदही मऊ पडतो. मान वाकली म्हणून ट्रस रॉड पिळायचा झाला, तर एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक पिळू नये. जोर लागला की थांबावे आणि जाणकाराकडे जावे.

आणि एवढे करूनही मोडलीच तर? आधी सर्व तारा सैल करा. मोडके तोंड पुनःपुन्हा जुळवून पाहू नका. तसे केल्याने तंतू झिजतात. पडलेली ढलपी कागदात बांधून ठेवा. घाईने झटपट चिकटणारा गोंद मुळीच लावू नका. तो एकदा लाकडात मुरला की पुढचा चांगला गोंद धरत नाही. ताजा, स्वच्छ मोड वाद्ये दुरुस्त करणाऱ्याने लाकडाच्या गोंदाने जोडून, शिकंज्यात दाबून दिवसभर ठेवला, तर तो सांधा भोवतालच्या लाकडाइतका, कधी त्याहूनही मजबूत होतो.

त्या शाळेची गिटारही अशीच जुळली. नटामागे एक बारीक रेघ दिसते, एवढेच. गिटार परत आली त्या दिवशी तो मुलगा तिला हात लावायला तयार नव्हता. मास्तरांनी आधी भिंतीत हूक ठोकवला, मग गिटार त्याच्या हातात देऊन म्हणाले, "वाजव बाळ. पण चहा आला, की आधी हिची जागा आणि मग तुझा कप."